संयमाचे मोल कोणी द्यावे?

नोकरीच्या निमित्ताने परप्रांतात राहणाऱ्या माणसाला गावाची आठवण बहुधा सणावारी होते, नाही तर पाऊस पडला म्हणजे होते. चंडीगडला येऊन मला आता सहा वर्षे झाली. येथील पाऊस आमच्या साताऱ्याकडील पावसासारखा नव्हे. तो उशिरा येतो, थोडे दिवस राहतो आणि असतो तेवढ्या दिवसांत रुसून आलेल्या जावयासारखा आदळआपट करतो. अशा पावसानंतरच्या सकाळी सुखना तलावावर फिरावयास जाण्याची मला सवय जडली आहे. शहराच्या बाजूचे पाणी शांत आणि निळसर दिसते. डोंगराकडच्या टोकाला मात्र एक मातकट, गढूळ पट्टा पसरलेला असतो. सकाळी पाय मोकळे करण्यास येणाऱ्या आम्हा कारकून-अधिकारी मंडळींपैकी फारच थोड्यांची नजर तिकडे वळते. पुष्कळ दिवस माझीही वळली नव्हती.

तो पट्टा म्हणजे शिवालिकच्या टेकड्यांची माती. ह्या टेकड्या वयाने हिमालयाहूनही लहान. ठिसूळ वालुकाश्म, गोटे आणि चिकणमाती ह्यांचे ते सैल बांधलेले गाठोडेच आहे. त्यांतून उतरणाऱ्या पावसाळी ओढ्यांना इकडे ‘चो’ म्हणतात. वर्षातील बहुतेक महिने ते कोरडे असतात आणि पावसात अंगात आल्याप्रमाणे धावतात. सुखना चो नावाच्या अशाच एका ओढ्यावर बांध घालून १९५८ साली हा तलाव करण्यात आला. ल कॉर्बुझिए ह्यांनी आखलेल्या नव्या राजधानीच्या नागरिकांना विसाव्यासाठी जागा असावी, असा त्यामागील हेतू होता. पण विसाव्यासाठी केलेल्या ह्या तलावाला मात्र विसावा मिळाला नाही. १९७० नंतरच्या काही वर्षांपर्यंत त्याच्या पोटाचा फार मोठा भाग गाळाने भरून गेला होता. पुढे कित्येक वर्षे नागरिकांनी श्रमदानाने तो गाळ उपसला. आपल्या विसाव्याची किंमत आपणच घमेल्याने वाहिली, असे समाधान त्यांना वाटले असेल, आणि ते अगदीच अस्थानी नव्हते. परंतु वर टेकडीवरून माती सुटत असताना खाली गाळ उपसणे म्हणजे गळक्या छपराखाली बसून जमीन पुसत राहणे होय.

ह्या विषयावर लिहिण्याचे कारण मात्र तलाव नव्हे. कारण घरचे आहे.

आमच्या गावी डोंगरउतारावर आमची पाच एकर पड आहे. वडिलांच्या पश्चात ती माझ्या आणि थोरल्या चुलतबंधूंच्या, म्हणजे दादांच्या, सामाईक नावावर आहे. माझे कर्तृत्व सातबाऱ्यावरील नावापुरतेच. राहतात आणि राबतात ते दादा. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत गेलो तेव्हा त्या उतारावर मला ठिकठिकाणी ओघळी पडलेल्या दिसल्या. लहानपणी जेथे आम्ही कमरेएवढ्या गवतातून लपंडाव खेळत असू, तेथे मुरूम उघडा पडला होता. खालच्या विहिरीत दरसाल गाळ येऊ लागला होता. दादांची गुरे आणि खालच्या आळीतील दोन-तीन घरांच्या शेळ्या तेथे बारमाही चरतात, हे मला ठाऊक होते. मी शहाण्या माणसाप्रमाणे निदान केले आणि चंडीगडला परत आल्यावर काटेरी तारेच्या कुंपणासाठी पैसे पाठविले. चार दिवसांनी दादांचा फोन आला. ते रागावले नव्हते. त्यांनी इतकेच विचारले, “तारेचे पैसे पोचले. वैरणीचे कोण पाठवणार? आणि त्या शेळ्या ज्यांच्या आहेत, त्यांनी कुठं जायचं, तेही कळव.”

मला उत्तर सुचले नाही. पैसे दादांकडे तसेच पडून राहिले. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घोळत आहे. जमीन टिकावयाची तर कोणी तरी आपली गरज आवरली पाहिजे, ह्यात वाद नाही. परंतु ज्याने ती आवरावयाची तो एक, आणि ज्याला तिचे फळ मिळावयाचे तो दुसरा, अशी स्थिती असेल तर त्या संयमाचे मोल कोणी द्यावे?

ह्या प्रश्नाचा विचार करण्यापूर्वी गवत मातीसाठी काय करते ते नीट समजून घेतले पाहिजे. आपण गवताला तुच्छ मानतो. ‘गवताच्या काडीइतकी किंमत’ हा वाक्प्रचार आपल्या बोलण्यात सहज येतो. वस्तुतः पावसाचा मोठा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने जमिनीवर आदळतो. माती उघडी असेल तर तिचे रवे फुटतात, त्यांची बारीक पूड मातीच्या रंध्रांत जाऊन बसते आणि वर एक पापुद्रा धरतो. मग पाणी मुरत नाही, वाहू लागते, आणि वाहताना सुटी झालेली माती बरोबर नेते. गवताचे पाते थेंबाचा हा मारा आपल्या अंगावर घेते. बुंध्यांची दाटी वाहत्या पाण्याला अडखळविते आणि मुळांचे जाळे माती धरून ठेवते. झाडे लावली म्हणजे धूप थांबली, अशी आपली एक सोयीस्कर समजूत आहे. परंतु झाडाखालची जमीन उघडी असेल तर उंच फांद्यांवरून ठिबकणारे टपोरे थेंबही माती उकरतात. माती राखणारा खरा पहारेकरी जमिनीला चिकटून उभा असतो.

ह्या पहारेकऱ्याला अन्न मात्र पानातून मिळते. गुराने पाते एकदा खाल्ले तर गवत पुन्हा फुटते. काही वेळा अधिक जोमाने फुटते. परंतु फुटीला आलेला कोंब पुनःपुन्हा खुडला गेला म्हणजे मुळांची शिदोरी संपते, मुळे आखडतात आणि ठोंब मरतो. आमच्या दख्खनच्या माळांवर ही अधोगती पायरीपायरीने दिसते. आधी पवन्या आणि मारवेल ही सकस गवते हटतात, त्यांच्या जागी कुसळी येते, आणि शेवटी कुसळीही विरळ होऊन मुरूम उघडा पडतो. दरम्यान खुरांनी जमीन घट्ट तुडविली जाते आणि गुरांच्या नित्याच्या पायवाटाच पाण्याच्या वाटा होतात. आमच्या पडीवरील ओघळींचा इतिहास ह्याहून निराळा नसावा.

नुसती माती गेली असती तरीही हानी मोठीच होती. पण तिच्याबरोबर तिचे सत्त्वही जाते. नत्र, स्फुरद आणि कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा अंश मुख्यतः वरच्या काही बोटांच्या थरात असतात, आणि तेही बारीक कणांना चिकटून. वाहते पाणी प्रथम हेच हलके, बारीक कण उचलते. त्यामुळे वाहून गेलेली माती ही मागे उरलेल्या मातीपेक्षा नेहमी अधिक कसदार असते. चोर घरात शिरून भांडीकुंडी सोडतो आणि दागिने नेतो, तसलाच हा प्रकार आहे. एका हेक्टरवरील १ मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे सुमारे १३ टन माती. तीत हजार भागांत एकच भाग नत्र धरले, तरी १३ किलो नत्र गेले. १९८३ साली ध्रुव नारायण आणि राम बाबू ह्या दोन संशोधकांनी भारतातील धुपीचा हिशेब मांडला होता. त्यांच्या अंदाजाप्रमाणे देशात दरवर्षी सरासरी हेक्टरी १६ टनांहून अधिक माती आपल्या जागेवरून सुटते. तिच्यापैकी सुमारे २९ टक्के कायमची समुद्रात जाते आणि सुमारे १० टक्के धरणांच्या पोटात साठते. एक सेंटिमीटर माती तयार होण्यास निसर्गाला शेकडो वर्षे लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे हा खर्च कोणत्या ठेवीतून होत आहे ते वेगळे सांगावयास नको.

तेव्हा डोंगर राखला पाहिजे, हा निष्कर्ष अटळ आहे. मग मी पाठविलेल्या तारेत चूक काय होती?

ह्याच शिवालिकच्या पायथ्याशी हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वी उभा राहिला होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात होशियारपूरकडील चोंनी वाळू आणून चांगली शेते बुजविली. सरकारने १९०० साली एक खास कायदाच केला. पंजाब भूमिसंरक्षण (चो) अधिनियम असे त्याचे नाव. डोंगरावरील तोड, नांगरट आणि विशेषतः शेळ्या-मेंढ्यांची चराई ह्यांवर बंदी घालण्याचा अधिकार सरकारला ह्या कायद्याने मिळाला. कायदा चुकीचा होता असे मी म्हणत नाही. काही ठिकाणी त्याने डोंगर सावरलेही. परंतु कायदा म्हणजे कागदावरची तारच होय. तिच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसाने सकाळी उठून शेळ्या कोठे न्याव्यात, ह्याचे उत्तर तिच्यात नसते. आणि ज्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही त्या प्रश्नाचा माणूस रात्री कुंपण ओलांडूनच निकाल लावतो.

सुखना तलावाच्या बाबतीत हेच झाले. केंद्रीय मृद् व जलसंधारण संशोधन आणि प्रशिक्षण संस्थेच्या चंडीगड केंद्राने वरच्या टेकड्यांवर बांधबंदिस्ती केली, झाडे लावली. गाळाचा माग काढता काढता ही मंडळी सुखोमाजरी नावाच्या खेड्यापर्यंत पोहोचली. आता ते हरियाणातील पंचकुला जिल्ह्यात आहे, तेव्हा अंबाला जिल्ह्यात होते. सुमारे ६० घरांचे, बहुतेक गुज्जरांचे हे गाव. शेती कोरडवाहू आणि तुटपुंजी. पीक हाती लागेल ह्याची शाश्वती नाही म्हणून शेळ्या, आणि शेळ्या म्हणून डोंगर उघडा. डोंगर उघडा म्हणून ओघळी शेतापर्यंत आलेल्या. डोंगरही उपाशी आणि माणूसही उपाशी. आपल्याकडे म्हणतात तशी ही एकादशीच्या घरी शिवरात्र होती. अशा गावाला शहरातील तलावासाठी चराई बंद करा, असे सांगणे म्हणजे उपाशी माणसाला उपवासाचे माहात्म्य ऐकविणे होते.

माझ्या कचेरीत शेजारच्या टेबलावर बसणारे एक सहकारी पिंजोरकडचे आहेत. दादांच्या फोनची हकीकत मी त्यांना सांगितली, तेव्हा ते हसून म्हणाले, “सुखोमाजरी एकदा पाहून या.” एका रविवारी आम्ही दोघे गेलो. त्यानंतर मिळेल ते वाचले. त्या गावाची गोष्ट थोडक्यात अशी.

केंद्राचे प्रमुख पी. आर. मिश्र ह्यांनी गावाजवळची एक वाढती ओघळ थोपविण्यासाठी १९७६ साली मातीचा एक लहान बंधारा बांधविला. उद्देश धूप थांबविणे एवढाच होता. परंतु पावसाळ्यानंतर त्यात पाणी साठलेले दिसले आणि पिके सुकू लागली तेव्हा गावकऱ्यांनी ते शेतासाठी मागितले. पाणी शेतात गेले आणि पीक वाचले. येथे सारा प्रश्न पालटला. आजवर डोंगरावरून सुटलेली माती दूरच्या कोणाच्या तरी तलावात जाऊन पडत होती. आता डोंगर उघडा राहिला तर तीच माती गावाच्या स्वतःच्या बंधाऱ्यात पडणार होती. शेळी डोंगरावर जे खाते ते आपल्या पाण्यातूनच खाते, हे समजावून सांगण्यास मग व्याख्यानाची गरज उरली नाही.

तरीही एक अडचण राहिली, आणि मला वाटते, ह्या साऱ्या प्रयोगाचे नैतिक मर्म तेथेच आहे. बंधाऱ्याचे पाणी ज्याला जमीन आहे त्याच्या उपयोगाचे. ज्याला जमीन नाही आणि जो शेळ्यांवरच जगतो, त्याला चराई बंद करून काय मिळणार? त्याच्यापाशी त्याग तेवढा मागितला गेला असता, लाभ शेजाऱ्याला. गावाने ह्यावर असा तोडगा काढला की पाण्यावर प्रत्येक घराचा सारखा वाटा असावा, मग त्या घराला जमीन असो वा नसो. ज्याला जमीन नाही त्याने आपला वाटा दुसऱ्यास द्यावा आणि त्याचा मोबदला घ्यावा. अशा रीतीने भूमिहीनाच्या संयमालाही किंमत आली. पुढे आणखी बंधारे झाले आणि गावाची एक संस्था स्थापन झाली. डोंगरावरील भाबर गवत दोरासाठी आणि कागद-गिरणीसाठी उपयोगी पडते. पूर्वी वनखाते त्याचा लिलाव बाहेरच्या ठेकेदाराला करीत असे. आता ते गावाच्या संस्थेकडे आले. चाऱ्याचे गवत प्रत्येक घराने ठरलेली अल्प रक्कम भरून विळ्याने कापून न्यावे, असे ठरले. शेळ्या कमी झाल्या, दावणीला म्हशी आल्या, दूध वाढले. टेकड्या हिरव्या झाल्या आणि खालच्या तलावात येणारा गाळ पुष्कळच घटला. तार कोठेही ओढावी लागली नाही. ह्या व्यवस्थेला पुढे ‘सामाजिक कुंपण’ असे नाव पडले.

१९६८ साली गॅरेट हार्डिन ह्यांनी आपल्या प्रसिद्ध लेखात असे मांडले की सामाईक कुरणावर प्रत्येक जण आपले एक जनावर वाढवीत जाणार आणि शेवटी कुरणाचा नाश होणार. त्याला उपाय सरकारी अंमल किंवा खासगी मालकी. एलिनोर ऑस्ट्रॉम ह्या विदुषींनी १९९० साली आपल्या ग्रंथात जगातील अनेक गावांची उदाहरणे देऊन दाखविले की माणसे एकत्र बसून नियम करू शकतात आणि पिढ्यान्‌पिढ्या पाळूही शकतात. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दोघांचे म्हणणे वाचल्यावर मला असे वाटले की मी दादांना हार्डिनच्या बाजूने तार पाठविली होती आणि दादांनी मला ऑस्ट्रॉमबाईंच्या बाजूने प्रश्न विचारला होता. अर्थात दादांनी दोघांचीही नावे ऐकलेली नाहीत.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, मोबदला घेऊन पाळलेला संयम हा संयम कसला? तो तर व्यवहार झाला. नीती ही निरपेक्ष असली पाहिजे, असे आपल्याला लहानपणापासून शिकविलेले असते. आक्षेप वजनदार आहे. परंतु तो बहुधा ज्याचे पोट भरलेले आहे त्याच्याच तोंडून ऐकू येतो, हे विसरता येत नाही. स्वतःच्या बाबतीत निरपेक्षता हा सद्गुण आहे. दुसऱ्याकडून तिची अपेक्षा करणे हा मात्र सद्गुण नव्हे. दुसऱ्याच्या त्यागातून आपण लाभ घेत असू, तर आपल्या बाजूने तो प्रश्न ऋणाचा होतो. सुखोमाजरीच्या शेतकऱ्याने भूमिहीनाला पाण्याचा वाटा दिला तो दान म्हणून नव्हे. देणे म्हणून दिला. मग आम्ही चंडीगडचे नागरिक, ज्यांना स्वच्छ तलाव मिळाला, त्यांच्याकडे काय देणे निघते? मी फिरावयास जातो तेव्हा ह्या प्रश्नापाशी माझी पावले हल्ली मंदावतात.

दुसरा आक्षेप वस्तुस्थितीचा आहे. सुखोमाजरीची कथा पुढे तशीच उज्ज्वल राहिली नाही. बंधाऱ्यांत गाळ साठला, उत्पन्नाच्या वाटणीवरून संस्था आणि वनखाते ह्यांच्यात मतभेद झाले, आणि पहिल्या पिढीचा उत्साह ओसरला. हे मला नाकारावयाचे नाही. परंतु ह्यातून करार निष्फळ ठरतो असे मला वाटत नाही. करार हा गवतासारखाच दरसाल राखावा लागतो, एवढेच त्यातून सिद्ध होते. ज्याचा वाटा कमी होतो त्याची कुंपणावरील निष्ठाही कमी होते. त्याला दोष देण्यापूर्वी वाटा कोणी कमी केला, हे पाहिले पाहिजे.

आणखी एक गोष्ट गवतानेच मला शिकविली. राखणे म्हणजे हात न लावणे, अशी माझी समजूत होती. पण चराई आणि कापणी कायमची बंद केली तर जुने, वाळके गवत साचते, नव्या फुटीला उजेड मिळत नाही, झुडपे माजतात आणि एखाद्या उन्हाळ्यात वणवा सारे घेऊन जातो. वणव्यात नत्र धुरावाटे निघून जाते आणि उरलेली राख पहिल्या पावसाबरोबर वाहते. म्हणून चांगल्या कुरणाचा नियम उपयोगाचा आहे, मर्यादित उपयोगाचा. एक भाग चरावा, दुसरा विसावा घ्यावा, आणि पाळी बदलावी. गवत बी धरेपर्यंत थांबावे, मग कापावे. कापून नेलेल्या एक टन वाळल्या गवताबरोबर सुमारे १० किलो नत्र जाते, हेही ध्यानात ठेवावे आणि काही परत करावे; शेणखत टाकावे, स्टायलोसारखा नत्र साठविणारा द्विदल चारा पेरावा. गुरे दिवसभर डोंगरावर चरतात आणि शेण रात्री गोठ्यात पडते. ते शेताला गेले काय किंवा गोवऱ्या होऊन चुलीत गेले काय, डोंगराच्या पदरात काही पडत नाही. ईशोपनिषदाच्या आरंभीच भोग आणि त्याग एकत्र सांगितलेले आहेत. त्या दोहोंची सांगड कशी घालावी हे मला पुस्तकापेक्षा गवताच्या ठोंबात अधिक स्पष्ट दिसले. ठोंब कापू देतो, पण मूळ सोडत नाही.

आम्हा सरकारी नोकरांच्या कागदांत एक वाक्य पुनःपुन्हा येते: ‘ग्रामस्थांचे सहकार्य अपेक्षित आहे.’ मी स्वतः ते अनेकदा लिहिले आहे. सिमेंटची किंमत अंदाजपत्रकात असते, मजुरीची असते, तारेची असते. सहकार्याची नसते, ते फुकट मिळावयाचे असे आपण धरून चालतो. वास्तविक साऱ्या योजनेत महाग वस्तू तीच. कोणाच्या तरी दोन शेळ्या, कोणाचे तरी एका हंगामाचे दूध, कोणाची तरी रोजची तीन मैलांची जादा पायपीट, एवढे त्या एका वाक्यात दडलेले असते. आपल्या महाराष्ट्रात राळेगणसिद्धीने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी हे शब्द घरोघर पोहोचविले. ते शब्द आपल्याला पाठ झाले. पण ‘बंदी’ ह्या शब्दावर आपली दृष्टी इतकी खिळते की तिच्या जोडीला गावाने पाणी अडविले होते, शेती सावरली होती, हे आपण विसरतो. आधी हाताला काही तरी आले, म्हणून हात आवरता आला.

सकाळी अंथरुणातून उठल्यावर जमिनीवर पाय ठेवण्यापूर्वी पृथ्वीची क्षमा मागण्याची आपल्याकडे रीत आहे. माझी आजी ती न चुकता पाळीत असे. आपला पाय लागल्याशिवाय चालावयाचे नाही, हे तिला ठाऊक होते. तरी विचारल्याशिवाय पाय ठेवू नये, एवढे ती मानीत होती. पृथ्वीची क्षमा मागणे त्या मानाने सोपे आहे, कारण पृथ्वी उलट प्रश्न विचारीत नाही. खालच्या आळीतील शेळ्यांचा मालक विचारतो.

गेल्या महिन्यात मी दादांना फोन केला. म्हटले, “दादा, तार राहू द्या. त्या पैशांची वैरण घ्या, दोन पावसाळे पुरेल तेवढी मी दरसाल भर घालीन. अर्धी पड दोन वर्षे मोकळी ठेवू, अर्धी चरू द्या. गवत उभे राहिले की कापणीत खालच्या आळीच्या घरांचा सारखा वाटा. माझ्या वाट्याचे गवत त्यांनाच द्या, आणि काय ठरवायचे ते त्यांना बोलावून, त्यांच्यासमोर ठरवा.”

पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मग दादा म्हणाले, “तुझ्या वाट्याचं गवत देतोस ते ठीक. पण ओघळी बुजवायला माणसं लागतील. मे महिन्यात रजा मिळते का बघ.”

रजेचा अर्ज मी केला आहे. दोन पावसाळ्यांनी त्या उतारावर काय दिसेल ते मला आज सांगता येत नाही. शेळ्यांचे मालक हा करार मान्य करतील की नाही, हेही त्यांचे त्यांनाच ठरवावयाचे आहे. पण ह्या वेळी त्यांना विचारले जाईल. आणि सुखनाच्या काठावरून डोंगराकडे पाहताना, आपल्या सुखासाठी कोणी तरी काही सोडले आहे आणि त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही, ह्या जाणिवेने मनाला जी टोचणी लागते, ती लागू द्यावी असे मला वाटते. परमुलखात राहणाऱ्या आपणा सर्वांच्या मागे, आपापल्या गावी, असे कोणी तरी राहिलेले असते. जमीन तेच राखतात. आपल्याला निदान हिशेब राखता यावा.